पोलर ग्राफचं पॅड : संमिश्र संख्यांच्या घातांच्या गणितांसाठी घ्यावं का?

आधीच सांगते, हा रिव्ह्यू ईएनटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगच्या, पोरांसाठी नाहीये. पोलर ग्राफ, म्हणजे चौकोनांऐवजी वर्तुळं आणि किरण छापलेला कागद, मागितला की दुकानदार आपल्याला डिप्लोमाचे नाहीतर इंजिनिअरिंगचे समजतात, कारण अँटेनाच्या प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये रेडिएशन पॅटर्न काढायचा असतो आणि हे पॅड मुख्यतः त्यासाठीच खपतं. मी घेतलं ते माझ्या शिकवणीतल्या पोरांसाठी. नववी ते बारावीची पाच-सहा डोकी संध्याकाळी घरी येतात, ऑलिम्पियाडची तयारी करतात, आणि संमिश्र संख्या (ज्यांत वजा एकचं वर्गमूळ, म्हणजे आय, येतं त्या) आल्या की सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. बेरीज येते, गुणाकार येतो, पण "झेडचा २००० वा घात काढा" म्हटलं की चेहरे पडतात. बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात ओमेगा (१ चं संमिश्र घनमूळ) आहे, डी मॉयव्हर (एन वा घात घेतला की कोन एन पट होतो) आहे, मोठ्या पोरांना सूत्र पाठ आहे, तरी ते सूत्र नेमकं काय करतं ते दिसत नाही. म्हणून म्हटलं बघू, साध्या चौकोनी ग्राफऐवजी गोल ग्राफ देऊन काही फरक पडतो का.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात पहिल्या दोन दुकानांत नव्हतंच, तिसऱ्यात काकांनी माळ्यावरून काढून दिलं, वर धूळ होती. कंपनीचं नाव वगैरे काही नाही, कव्हरवर नुसतं "पोलर ग्राफ" छापलंय. किंमत शंभरच्या आत.

वस्तू काय आहे ते नीट सांगते, कारण ऑनलाइन फोटोत काही कळत नाही. ए-फोर साइज, ५० पानं, वरच्या कडेला गोंदाने चिकटवलेली, फाडून काढता येतात. हिरवी शाई. मधोमध बिंदू, त्याभोवती एकेक सेंटिमीटरवर ८ ठळक वर्तुळं, दोन ठळक वर्तुळांच्या मधे २ मिमीवर बारीक वर्तुळं. मध्यातून निघणारे किरण दर ५ अंशांना, त्यातले दर ३० अंशांचे ठळक, आणि बाहेरच्या बाजूला ०, १०, २० असे ३५० पर्यंत आकडे. आकडे उजवीकडून सुरू होऊन घड्याळाच्या उलट दिशेने जातात, म्हणजे आपल्याला हवे तसेच. हे मुद्दाम सांगतेय कारण आधी ऑनलाइन एक मागवलं होतं त्यात ० वर होता आणि आकडे उजवीकडे उतरत होते, होकायंत्रासारखे. ते गणिताला वापरायचं म्हणजे प्रत्येक पानावर आधी आकडे खोडून नवे लिहायचे. तेव्हा घेताना हे बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा. मी ज्या गणितावर हे पॅड तपासलं ते अमेरिकेच्या एआयएमई परीक्षेतलं आहे, २००० सालच्या दुसऱ्या पेपरातला नववा प्रश्न. एआयएमई म्हणजे तिकडे एएमसी या आधीच्या गणित स्पर्धेतून वर आलेल्या पोरांची पुढची पायरी, १५ प्रश्न, ३ तास, प्रत्येक उत्तर ००० ते ९९९ मधला पूर्णांक. आपल्याकडच्या आयओक्यूएमलाही, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या फेरीलाही, उत्तर पूर्णांकच असतं, फक्त दोन अंकी, म्हणून आपली पोरं एआयएमईचे जुने पेपर सर्रास सोडवतात. तर प्रश्न असा : झेड ही संमिश्र संख्या अशी आहे की झेड + १/झेड = २ कॉस ३°. तर झेडचा २००० वा घात अधिक १ भागिले झेडचा २००० वा घात, ही जी बेरीज येईल तिच्यापेक्षा मोठा असा सगळ्यात लहान पूर्णांक कोणता?

पोरांनी आधी काय केलं असेल? वर्गसमीकरण मांडलं. झेडने गुणलं, झेड वर्ग वजा २ कॉस ३° गुणिले झेड अधिक १ बरोबर शून्य, सूत्र लावलं, आणि झेड = कॉस ३° अधिक-वजा आय साइन ३° असं आलं. इथपर्यंत सगळे पोचतात. पुढे एकाने कॉस ३° ची किंमत आठवायला घेतली, म्हणे पंधरा आणि अठराच्या फरकाने निघते, ताई काढू का. निघते हो, पण काढायची कशाला.

इथे पॅड कामाला आलं. संमिश्र संख्या कागदावर बिंदू म्हणून काढायची, आय नसलेला भाग आडवा, आय चा भाग उभा, आणि मध्यापासूनचं अंतर म्हणजे तिची लांबी. सगळ्यात बाहेरचं ठळक वर्तुळ म्हणजे लांबी १ असं ठरवलं, म्हणजे ८ सेंमी म्हणजे १. झेडची लांबी १ आहे कारण कॉस वर्ग अधिक साइन वर्ग एक, म्हणून झेड बाहेरच्या वर्तुळावरच बसतो, ० च्या किरणापासून ३ अंश वर. पॅडवर किरण ५ अंशांचे, त्यामुळे ३ अंशांचा किरण छापलेला नाही, अंदाजाने टिंब द्यावं लागतं, बाहेरच्या वर्तुळावर ते ० पासून साधारण ४ मिमी वर येतं. गुणाकार केला की लांब्यांचा गुणाकार आणि कोनांची बेरीज होते, म्हणून झेडचा वर्ग ६ अंशांवर, घन ९ वर, चौथा घात १२ वर. पाचवा घात बरोब्बर १५ च्या छापलेल्या किरणावर. टिंबं देत देत दहाव्या घातापर्यंत गेलो की पोरगं स्वतःच म्हणतं, अहो ताई हे वर्तुळावरून बाहेर जातच नाहीये, नुसतं फिरतंय. तेवढं त्याच्या तोंडून आलं की माझं काम झालं.

पुढचं तर नुसती भागाकाराची बाकी. ३ अंशांच्या १२० उड्या मारल्या की एक फेरी पूर्ण. २००० ला १२० ने भागा, १६ फेऱ्या होतात, बाकी ८०. ८० उड्या म्हणजे २४० अंश. झेडचा २००० वा घात २४० च्या ठळक किरणावर बाहेरच्या वर्तुळात बसला. १ भागिले तो घात म्हणजे तेवढंच उलट्या दिशेने, वजा २४०, म्हणजे १२० च्या किरणावर. पानावर दोन्ही टिंबं दिसतात, एक डावीकडे वर, एक डावीकडे खाली, आडव्या अक्षाच्या वर-खाली समोरासमोर. बेरीज केली की वरखालचा भाग कटतो आणि आडवा भाग दुप्पट होतो. आडवा भाग किती? कॉस २४०, म्हणजे वजा अर्धा. पट्टीने मोजा, मध्यापासून डावीकडे ४ सेंमी, आपल्या मापात वजा अर्धा. दोघांचे मिळून वजा एक.

आणि इथे अर्धी पोरं उत्तर "वजा एक" लिहून मोकळी होतात, मग म्हणतात पण एआयएमईत ऋण उत्तर कसं चालेल. प्रश्न परत वाचा ना. त्या बेरजेपेक्षा मोठा असा सगळ्यात लहान पूर्णांक विचारलाय. वजा एकपेक्षा मोठा, म्हणजे शून्य. उत्तर ०००. पेपर काढणाऱ्याने ही शेवटची ओळ मुद्दाम घातली असावी, ऋण संख्या उत्तराच्या चौकटीत बसवायला, पण त्यात घाईत वाचणारे आपोआप गळतात.

याला दुसरी पण एक वाट आहे, आय ला हातच लावायचा नाही. झेड + १/झेड चा वर्ग करून २ वजा केले की झेड वर्ग + १/झेड वर्ग मिळतं, म्हणजे २ कॉस ३° वरून २ कॉस ६°, मग २ कॉस १२°, असं दर वेळी कोन दुप्पट. छान आहे, आणि ज्यांना संमिश्र संख्या अजून शिकवल्या नाहीत त्या नववीच्या पोरांना मी हीच दाखवते. पण २००० हा काही दोनाचा घात नाही, त्यामुळे मधे दुसरं काहीतरी जोडावंच लागतं, आणि शेवटी कोनच मोजत बसायचंय तर सरळ कागदावर मोजलेला काय वाईट.

दुसरी चाचणी (१ + आय) वर. हे मला स्वतःला जास्त आवडलं. इथे लांबी १ नाही, √२ आहे, कोन ४५. म्हणजे दर घाताला ४५ अंश फिरायचं आणि लांबी १.४१ पट करायची. एक ठळक वर्तुळ म्हणजे एक असं माप घेतलं. पहिला घात ४५ वर, पहिल्या आणि दुसऱ्या वर्तुळाच्या मधे. दुसरा ९० वर, बरोबर दुसऱ्या वर्तुळावर, म्हणजे २ आय. तिसरा १३५ वर, तिसऱ्या वर्तुळाच्या जरा आत. चौथा १८० वर चौथ्या वर्तुळावर, म्हणजे वजा ४. पाचवा २२५ वर साडेपाचच्या थोडा पुढे. सहावा २७० वर, आठव्या वर्तुळावर, पॅडच्या अगदी काठावर, वजा ८ आय. सातवा घात पॅडच्या बाहेर! मग माप बदलून एक वर्तुळ म्हणजे दोन असं घेतलं तर आठवा घात, १६, बरोबर ० च्या किरणावर शेवटच्या वर्तुळात येतो. ही टिंबं हाताने जोडली की उलगडत जाणारी गोल रेघ होते ती बघून आमच्यातली एक मुलगी जी एरवी तोंड उघडत नाही ती म्हणाली की मग २०२४ वा घात सांगू का. २०२४ ला ८ ने पूर्ण भाग जातो, २५३ वेळा, म्हणजे १६ चा २५३ वा घात, म्हणजे २ चा १०१२ वा घात, धन वास्तव संख्या, आय चा पत्ता नाही. तोंडी. पॅडचे पैसे मला तरी तिथेच वसूल झाले.

तिसरी चाचणी जरा चावट आहे, एआयएमई २००५, पेपर दुसरा, प्रश्न नववा. (साइन टी + आय कॉस टी) चा एन वा घात = साइन एनटी + आय कॉस एनटी, हे टी च्या सगळ्या किमतींना खरं ठरेल असे १००० पर्यंतचे धन पूर्णांक एन किती. डी मॉयव्हर पाठ असलेलं पोरगं बघतं आणि म्हणतं हे तर नेहमीच खरं, उत्तर १०००. नीट बघा, साइन आणि कॉस उलटे आहेत. इथे मी टी = २० घ्यायला सांगितलं. साइन २० + आय कॉस २० हा बिंदू २० च्या किरणावर नाही, ७० च्या किरणावर येतो, कारण आडवा भाग साइन आहे. वर्ग केला की १४० वर जातो. उजवी बाजू मात्र साइन ४० + आय कॉस ४०, ती ५० वर. दोघांत ९० चा फरक. घन केला की डावी बाजू २१० वर, उजवी ३० वर, फरक १८०. चौथ्या घाताला २८० आणि १०, फरक २७०. पाचव्याला डावी बाजू ३५० वर, उजवी वजा १० वर, म्हणजे तीही ३५० वर, जुळले! दर वेळी फरक ९० ने वाढतो, पाचव्याला पूर्ण फेरी होते, मग नवव्याला, तेराव्याला. म्हणजे एन ला ४ ने भागल्यावर बाकी १ हवी : १, ५, ९ पासून ९९७ पर्यंत, एकूण २५०. एका टी वर बघितलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही हे मी पोरांना बजावते, मग ९० वजा टी घेऊन एन ने गुणून सगळ्या टी साठी लिहून घेते, दोन ओळींचं काम आहे. पण ते दोन ओळींचं काम कुठून सुचणार, ते या पानावरून सुचलं.

चौथी, १९९० च्या एआयएमईतला दहावा प्रश्न. एका संचात ज्यांचा १८ वा घात १ आहे अशा सगळ्या संख्या, दुसऱ्यात ज्यांचा ४८ वा घात १ आहे अशा, एकातली एक आणि दुसऱ्यातली एक घेऊन गुणाकार केले तर वेगवेगळे किती? १८ गुणिले ४८ म्हणजे ८६४ लिहिणारे आहेतच. पॅडवर पहिल्या संचाची टिंबं दर २० अंशांना, छापलेल्या किरणांवर मस्त बसतात. दुसऱ्याची दर साडेसात अंशांना, एक आड एक टिंब दोन किरणांच्या मधोमध. गुणाकार म्हणजे कोनांची बेरीज, २० च्या पटीत साडेसातच्या पटी मिळवायच्या, दोन्ही अडीचच्या पटी, ८ आणि ३ पटी, आणि ८ नि ३ ला सामाईक काही नाही म्हणून अडीचची प्रत्येक पट मिळते. ३६० भागिले अडीच, १४४. इथे मात्र पॅड कमी पडलं, अडीच अंशांची टिंबं छापलेल्या ५ च्या किरणांमधे मारताना एक फेरी पूर्ण करायला कोणाला धीर नव्हता, आणि खरं तर गरजही नव्हती. दर २ अंशांचे किरण असलेलं पॅडही मिळतं असं काका म्हणाले, पण त्याने अडीचला काय फायदा होणार ते मला कळलं नाही.

आता जिथे हे पॅड अजिबात उपयोगाचं नाही ते पण सांगते, नाहीतर वाटेल मी विकायला बसलेय. १९८५ चा तिसरा प्रश्न : ए, बी, सी धन पूर्णांक, सी = (ए + बी आय) चा घन वजा १०७ आय, तर सी किती. आमच्यातल्या एकाने पॅडची चटक लागल्यामुळे लगेच पान फाडलं आणि कोन शोधायला बसला. बाळा, इथे कोन नाही बघायचा, इथे पूर्णांक बघायचे. घन उलगडा, आय चा भाग वेगळा काढा, तो १०७ ला जुळला पाहिजे कारण सी वास्तव आहे. बी गुणिले (३ ए वर्ग वजा बी वर्ग) = १०७. १०७ मूळ संख्या आहे, म्हणजे बी एकतर १ नाहीतर १०७. बी १०७ घेतला तर ३ ए वर्ग = ११४५०, अंकांची बेरीज ११, ३ ने भाग जात नाही, बाद. बी १ घेतला तर ३ ए वर्ग = १०८, ए = ६. मग सी = ६ गुणिले (३६ वजा ३) = १९८. संपलं. सगळी मजा त्या १०७ च्या मूळ असण्यात आहे आणि गोल कागदावर ती दिसूच शकत नाही. लांबी १ असेल, घात प्रचंड असेल, "एन ची सर्वात लहान किंमत" असले शब्द असतील तर पॅड काढा. पूर्णांक, मूळ संख्या, "ए आणि बी शोधा" असं असेल तर साधी वही.

छपाई आणि कागदाबद्दल. कागद सत्तर जीएसएमच्या आसपासचा वाटतो, पेन्सिलीला ठीक, जेल पेनने मागे उमटतं त्यामुळे एका बाजूलाच वापरता येतो. हिरवी शाई फिकट आहे, ते चांगलं, आपली टिंबं उठून दिसतात, पण झेरॉक्स काढली की रेषा उडतात, पोरांना वाटायला झेरॉक्स काढायच्या असतील तर आधी एक काढून बघा. सगळ्यात मोठी तक्रार मध्याची. सगळे ७२ किरण थेट मध्यबिंदूपर्यंत नेलेत. पहिल्या वर्तुळावरच दोन किरणांमधलं अंतर एक मिलिमीटरहून कमी, त्याच्या आत तर नुसता हिरवा ठिपका झालाय. चांगल्या छपाईत मध्याजवळ फक्त ठळक किरण आत नेतात, बाकीचे अलीकडेच थांबवतात. इथे ते भान नाही. त्यामुळे ज्या संख्येची लांबी १ पेक्षा कमी आहे तिचे घात, उदाहरणार्थ (१ + आय) भागिले २ चे, घेतले की दोन-चार टिंबांतच त्या ठिपक्यात गायब होतात. बाहेरचं वर्तुळ १ मानून सुरुवात केली तर थोडं सुसह्य होतं, तरी सहाव्या-सातव्या घाताला काही कळत नाही. आणखी एक, काही पानांवर वर्तुळ किंचित लंबगोल आलंय, आडवं ८ सेंमी असेल तर उभं पाऊण-एक मिलिमीटर कमी भरतं. गणिताला फरक पडत नाही पण कंपासने स्वतःचं वर्तुळ काढून ताडून बघणाऱ्या पोराला त्रास होतो, आणि असं एक पोर प्रत्येक बॅचला असतंच.

परीक्षेत हे नेता येत नाही, हे पालकांना सांगून ठेवते कारण एक जण विचारत होते. एआयएमईला हल्ली कोरा कागद, पट्टी, कंपास आणि खोडरबर एवढंच चालतं, ग्राफ पेपर नाही, कोनमापक नाही, कॅल्क्युलेटर तर नाहीच नाही. तेव्हा पॅडवर सवय करायची आणि मग ते काढून घ्यायचं. मी पहिले काही दिवस पूर्ण छापलेलं पान देते, मग कोऱ्या कागदावर हाताने वर्तुळ आणि चार-सहा किरण, ३०, ४५, ६०, ९०, तेवढेच. बहुतेक पोरं तोपर्यंत हवेत बोट फिरवायला लागलेली असतात.

फुकटचा पर्याय आहे का? आहे. जिओजिब्रा हे गणिताचं ॲप फोनवर चालतं, त्यात झेड = १ + आय असं टाकून घात घेतले की बिंदू आपोआप दिसतात, ग्रिड पोलर करता येतं, आणि ते प्रिंट पण काढता येतं. माझ्या एका मैत्रिणीने तेच केलं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून वीस प्रती काढल्या, खर्च माझ्यापेक्षा कमी, मध्याचा ठिपका पण नाही. स्लायडर लावून एन सरकवला की बिंदू स्वतः फिरतो, ते बघायला भारी वाटतं, पण माझा अनुभव असा की पोरं बघतात, "वा" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या पाटीसारखी बसतात. स्वतः टिंब दिलं की ३ अंश किती बारीक असतात आणि १२० उड्या म्हणजे किती, ते हाताला कळतं. ज्याचं त्याने बघावं.

जाता जाता एक गंमत सांगते. आपण ज्याला आर्गँड डायग्राम म्हणतो, म्हणजे संमिश्र संख्या कागदावर बिंदू म्हणून काढायची पद्धत, ती आर्गँडने १८०६ ला छापली, पण त्याच्या आधी १७९७ साली कास्पर वेसेल नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने कोपनहेगनच्या अकादमीपुढे हेच मांडलं होतं, १७९९ ला छापूनही आलं. डॅनिश भाषेत होतं, जवळपास शंभर वर्षं कोणाच्या नजरेत आलं नाही. आणि हा वेसेल धंद्याने सर्व्हेअर, जमिनी मोजून नकाशे करणारा. दिवसभर दिशा आणि अंतर मोजणाऱ्याला गुणाकार म्हणजे दिशांची बेरीज नि अंतरांचा गुणाकार हे सुचलं यात नवल नाही. प्राध्यापकांच्या आधी सुचलं याचं मला बरं वाटतं.

तर रेटिंग. वस्तू म्हणून पाचापैकी तीन, मध्याची छपाई आणि लंबगोल पानांमुळे. शिकवायचं साधन म्हणून साडेचार. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्या अकरावीच्या मुलाला अख्खं पॅड लागणार नाही, दहा पानं बास झाली, आणि दुकानदार सुटी पानं पण देतात, विचारायला लाजू नका. पान घेताना दोन गोष्टी तिथेच तपासा : ० उजवीकडे आहे का, आणि दुकानातल्याच पट्टीने आडवी-उभी त्रिज्या सारखी भरते का. आणि जेईईवाल्यांनी पण एकदा वापरून बघायला हरकत नाही, वर्तुळावरच्या मुळांचे प्रश्न तिथेही येतातच. सोबत टू-एच पेन्सिल घ्या, एचबीचं टिंब एवढं जाड पडतं की ३ आणि ५ अंशांच्या टिंबांत फारसं अंतरच राहत नाही.